शिपायाशेजारचा माणूस

ज्येष्ठ वद्य नवमीला आमच्या विश्रांतवाडीत कोणालाच घरी बसवत नाही. आदल्या दिवशी ज्ञानोबांच्या पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवलेले असते आणि नवमीला ती पुण्याच्या वाटेला लागते. दिघी आणि कळस मागे टाकून ती आमच्या चौकात येते आणि पुढे फुलेनगर, संगमवाडी करीत शहरात शिरते. पताकांची रांग दुरून दिसू लागली की रस्त्याच्या दोन्ही कडांना माणूस मावत नाही. मग पोलीस दोर बांधतात आणि त्या दोराला मधून मधून आमच्यासारखी माणसे धरून उभी करतात. दंडाला एक पट्टी, गळ्यात एक शिट्टी, एवढाच आमचा थाट. आम्ही पोलीस नसतो आणि त्या तीनचार तासांपुरते गर्दीतलेही नसतो.

गेल्या खेपेस दोर धरून उभा असताना एका लहान मुलाने आईला विचारले, ‘‘हे काका पोलीस आहेत का?’’ आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, ‘‘नाही रे, हे आपल्यातलेच आहेत.’’ पालखी पुढे गेली, दोर गुंडाळला गेला, मी घरी आलो. पण ते उत्तर काही केल्या मनातून जाईना. मी शाळेत इतिहास शिकवतो. एखादी गोष्ट मनाला लागली की तिचा मागचा धागा शोधत बसायचे, ही आमच्या धंद्याची खोड. शिपायाशेजारी उभा राहणारा हा ‘आपल्यातला’ माणूस आला तरी कोठून? वाचकहो, फराळाचे ताट जवळ ओढून घ्या आणि माझ्याबरोबर थोडे मागे चला.

फार मागे गेलो तर आपल्याकडे पोलीस असा निराळा वर्ग दिसतच नाही. गाव आपली राखण आपणच करी. पाटील हा जबाबदार. त्याच्या हाताखाली जागल्या. महार मंडळी गावाची शीव राखीत, तर आमच्या पुणे-सातारा भागात रात्रीची राखण पुष्कळदा रामोशांकडे असे. चोरी झाली की रामोशी माग काढी. पावले दुसऱ्या गावाच्या शिवेत गेलेली दाखवून दिली की जबाबदारी त्या गावावर जाई. माग आपल्याच शिवेत विरला तर मात्र चोरीची भरपाई करण्याची पाळी येई. चोराला हुडकून काढण्याची एवढी निकड आजच्या कोणत्या खात्याला असेल, देव जाणे!

हे ऐकून ‘काय ते जुने दिवस!’ असा सुस्कारा टाकण्याचा मोह होतो. पण जरा थांबावे. ह्या राखणदारांतील कोणीही आपखुशीने राखणीला उभा नव्हता. जन्माने ते काम त्याच्या गळ्यात पडलेले होते. महार वतनदाराला गावकीची आणि सरकारची कामे रात्री-अपरात्री, पुष्कळदा नाममात्र मोबदल्यावर करावी लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते ह्याच जाचावर बोट ठेवून. ती वतने कायद्याने नाहीशी व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. रामोशांची तऱ्हा निराळी. राखणीचे हक्क गेले तेव्हा काल राखण करणारेच बंडाला उभे राहिले. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिले गेले, ह्या गोष्टीचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे. गावाची राखण गावाने करावी हा विचार जुना खरा. पण त्यात सेवा किती आणि सक्ती किती, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

इंग्रजांनी ह्या व्यवस्थेला १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने कागदावर आणले. वंशपरंपरेची पाटीलकी गेली ती स्वराज्यात, १९६२ च्या कायद्याने. आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा नेमणुकीचा माणूस झाला. मानधनावर काम करणारा, गावात राहणारा, खाकी न घालणारा हा मनुष्य आजही खेड्यात पोलिसांचा पहिला आधार आहे.

शहराची गोष्ट वेगळी. शहराला कोतवाल लागतो, आणि पुण्याने कोतवालाचा असा काही अनुभव घेतला आहे की तो विसरणे शक्य नाही. सवाई माधवरावांच्या अमदानीत घाशीराम हा पुण्याचा कोतवाल. हाताशी शिपाई, पाठीशी नाना फडणीस. पण शहर मात्र त्याच्याबरोबर नव्हते. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि इतकी वर्षे दबून असलेला संताप एका दिवसात उसळला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. ज्या शहराची राखण करायची त्याच शहरात आपल्या बाजूने बोलणारा एक माणूस कोतवालाला उरला नव्हता! मुलांना हा भाग शिकवताना मी नेहमी सांगतो, की घाशीरामाचा अंत हे झुंडीच्या न्यायाचे उदाहरण आहे, त्याचे कौतुक करू नका. पण सत्तेला शेजार नसला म्हणजे काय होते, तेही विसरू नका.

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. लंडनला आजच्या धर्तीचे पोलीस दल रॉबर्ट पील यांनी उभारले ते १८२९ साली. त्यामागची कल्पना मोठी साधी होती. जे काम प्रत्येक नागरिकाचेच आहे, तेच करण्यासाठी पगार देऊन ठेवलेला नागरिक म्हणजे पोलीस. पण तेथेही नुसत्या पगारी माणसांवर भागत नसे. १० एप्रिल १८४८ रोजी मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्टांची लंडनमध्ये प्रचंड सभा होती. त्या दिवशी हजारो नागरिकांना शपथ देऊन तात्पुरते कॉन्स्टेबल केले गेले. मौज अशी, की त्यांत लुई नेपोलियन हे गृहस्थही होते. पुढे तेच फ्रान्सचे बादशहा झाले! गंमत बाजूला ठेवली तर एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. त्या दिवशी दुकानदार आणि घरमालक एका बाजूला होते आणि हक्क मागणारे कामकरी दुसऱ्या बाजूला. पोलिसांचा मदतनीस कोणाच्या वतीने उभा आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तीच कल्पना इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली. पण आणताना तिचा गाभा तिकडेच ठेवून आले. देशाच्या मोठ्या भागात लागू झालेल्या १८६१ च्या पोलीस कायद्यात ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमण्याची तरतूद आहे. दंग्याची भीती असेल तर आसपासच्या रहिवाशांना नेमावे, आणि सबळ कारणावाचून कोणी नाही म्हटले तर त्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड करावा! दंडाच्या धाकाने करवून घेतलेली मदत, आणि तिला नाव मात्र नागरिकांच्या साहाय्याचे. १९०५ साली बंगालमधील रंगपूरला तर स्वदेशीच्या चळवळीतील प्रतिष्ठित मंडळींनाच असे विशेष कॉन्स्टेबल करून टाकण्यात आले. ज्यांना दडपायचे त्यांच्याच दंडाला पट्टी बांधायची, असा तो डाव होता.

त्यामुळे आपल्या लोकांच्या मनात दोन चित्रे समोरासमोर उभी राहिली. एका बाजूला सरकारी शिपाई आणि त्याच्या मागेपुढे करणारे खुशमस्करे. दुसऱ्या बाजूला स्वयंसेवक. हा शब्द मराठीत घरोघर रुजला तो चळवळीतून. डॉ. ना. सु. हर्डीकरांचे हिंदुस्थानी सेवा दल १९२३ सालचे. पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले ते १९४१ साली. १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर स्वयंसेवकांनी पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर झेलल्या. स्वयंसेवक आणि पोलीस हे दोन शब्द एकत्र आले तर ते लाठीच्या दोन टोकांना, अशीच त्या पिढीची समजूत होती, आणि ती खोटी नव्हती.

म्हणूनच १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत जे घडले ते मला मोठे नवलाचे वाटते. त्या वर्षी मुंबई दंगलींनी होरपळत होती. प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. डेप्युटी कलेक्टरची नोकरी १९३० साली सोडून चळवळीत पडलेला आणि तुरुंगाच्या वाऱ्या केलेला हा मनुष्य आता पोलिसांचा मंत्री होता. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत होमगार्ड, म्हणजे गृहरक्षक दल स्थापन झाले. आपापला धंदा-नोकरी सांभाळून, कवायत शिकून, गरज पडेल तेव्हा पोलिसांच्या शेजारी उभे राहणाऱ्या नागरिकांचे दल. लगोलग १९४७ चा मुंबई गृहरक्षक कायदा आला. ब्रीद ठरले ‘निष्काम सेवा’. कालपर्यंत लाठीच्या दुसऱ्या टोकाला असलेला स्वयंसेवक आज पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर हीच कल्पना देशभर एका नमुन्याने अमलात आली, आणि ६ डिसेंबर हा दलाचा स्थापना दिन आजही देशभर पाळला जातो.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ह्याच दलातले. १९६५ साली ते वीस वर्षांचे होते. त्याच वर्षी १ जुलैला पुण्याला पोलीस आयुक्तालय झाले आणि सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले. विश्रांतवाडी तेव्हा शहराबाहेरची, शेतामळ्यांत वसलेली वाडी होती. अण्णा दिवसा कारखान्यात जात आणि रात्री दारोदार हिंडून ‘‘मावशी, खिडकीला कांबळं लावा, उजेड दिसतोय’’ असे सांगत. ‘‘आम्ही हुकूम करत नव्हतो रे,’’ ते सांगायचे, ‘‘आम्ही आपलं आठवण करून देत होतो. पोलीस आला असता तर माणसं घाबरली असती. मी गेलो की म्हणायची, ये, चहा घे.’’ त्यांची पितळी शिट्टी अजून आमच्या कपाटात आहे.

ह्या दलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होमगार्डला पगार नसतो. ज्या दिवशी काम त्या दिवसाचा भत्ता. कल्पना होती ती पोटापाण्याचा धंदा दुसरीकडे असणाऱ्या माणसाची. पुढे बेकारी वाढली आणि त्या भत्त्यावरच संसार ओढणारे हजारो तरुण दलात आले. निष्काम सेवेच्या नावाखाली स्वस्तातली चाकरी करून घ्यावी की काय, असा प्रश्न उभा राहिला. अखेर ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की महिनाभर काम केलेल्या होमगार्डच्या हाती पोलीस शिपायाच्या किमान वेतनाएवढी रक्कम पडेल असा भत्ता द्यावा. सेवा ही मनाची गोष्ट असली तरी चूल ही पोटाची गोष्ट आहे. मन मोठे म्हणून पोट रिकामे ठेवावे, हा कुठला न्याय?

ह्याहून गंभीर प्रसंग गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात घडला. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी तेथील आदिवासी तरुणांना अल्प मानधनावर विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमले आणि हाती बंदुका दिल्या. शेजारी शेजाऱ्यावर उठला. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. लढण्याचे काम ज्याचे त्याने करावे. ते शिकाऊ पोरांच्या गळ्यात बांधू नये, हा त्या निकालाचा सरळ अर्थ.

मग हे सगळे सोडूनच द्यावे काय? तसे वाटू लागले की मी भिवंडीची आठवण काढतो. ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव १९७० आणि १९८४ साली दंगलींत भाजून निघाले होते. भिवंडीचे नाव निघाले की लोक मान हलवीत. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांच्या नव्हे, साध्या माणसांच्या. हिंदू आणि मुसलमान, माग चालवणारे, रिक्षावाले, दुकानदार, डॉक्टर एकत्र बसू लागले आणि त्या भागाचा पोलीसही त्यांच्यात बसू लागला. भांडण नळाचे असो की मिरवणुकीचे, ते आधी तेथे बोलून घ्यायचे. त्यांच्या हाती लाठी दिली नव्हती. एकमेकांची नावे माहीत असणे, एवढेच त्यांचे हत्यार.

आणि ६ डिसेंबर १९९२ उजाडला. होय, तोच ६ डिसेंबर, होमगार्डचा स्थापना दिन. बाबरी मशीद पडली. मुंबई डिसेंबरात जळाली आणि जानेवारीत पुन्हा जळाली. जिच्याविषयी सर्वांना धास्ती होती ती भिवंडी मात्र शांत राहिली! अफवा तेथेही आल्या असणार. पण अफवा खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता, आणि चौकीतल्या शिपायालाही लोक नावाने ओळखत होते. मुंबईने हा धडा दंगलीनंतर गिरवला. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने तेथेही मोहल्ला समित्या झाल्या. उशिरा झाल्या, पण झाल्या.

इतका इतिहास मला ठाऊक होता. मुलांना शिकवलाही होता. तरी माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केले, तेही सांगून टाकतो. दिवाळीत मन स्वच्छ करावे म्हणतात.

२०२० च्या टाळेबंदीत पुणे पोलिसांनी नागरिकांतून मदतनीस नेमले, त्यांत मीही होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेले आणि त्यांच्यापाशी मी उभा. पहिल्या दिवशी संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी सवय झाली. तिसऱ्या दिवशी, खोटे कशाला बोलू, बरे वाटू लागले. एरव्ही वर्गाबाहेर आपले कोण ऐकतो? येथे हात वर केला की स्कूटर थांबत होती. चौथ्या दिवशी गल्लीतल्याच एक आजीबाई हातात डबा घेऊन आल्या. मुलगा दवाखान्यात होता, त्याला जेवण द्यायचे होते. मी म्हणालो, ‘‘पास दाखवा.’’

‘‘पास कसला मास्तर? माझा नातू तुमच्याच वर्गात हाय.’’

‘‘तो प्रश्न नाही, आजी. नियम सगळ्यांना सारखा.’’

त्या काही बोलल्या नाहीत. डबा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. पलीकडून एक पोलीस शिपाई बाई आल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील. त्यांनी आजींना दवाखाना कोणता, कोण आहे, कसे जाणार, एवढे विचारले आणि बांबू वर उचलला. मग हळू आवाजात, आजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाल्या, ‘‘सर, कागद आम्ही बघतो. तुम्हाला इथं उभं केलंय ते तुम्ही माणसं ओळखता म्हणून.’’

त्या रात्री मला जेवण गेले नाही. घाशीरामाची गोष्ट तीस-तीस मुलांपुढे सांगणारा मी चार दिवसांत कोठे येऊन ठेपलो होतो! अण्णा तेव्हा हयात नव्हते, पण त्यांचे ‘ये, चहा घे’ कानांत वाजत राहिले. दुसऱ्या दिवशी आजींच्या घरी गेलो. माफी मागण्यासाठी तोंड उघडले तोच त्या म्हणाल्या, ‘‘असू दे मास्तर, आजचा डबा तुम्ही घेऊन जाता का?’’ पुढचे नऊ दिवस डबा मी पोचवला. मुलगा बरा होऊन घरी आला.

त्या पोलीस बाईंच्या एका वाक्यात मला हवे होते ते उत्तर मिळाले. शिपायाकडे कायदा असतो, हुकूम असतो, लाठी असते. त्याच्याकडे नसते ती ओळख. बदली होऊन आलेल्या माणसाजवळ ती असणार तरी कशी? ती ओळख घेऊन शेजारी उभे राहावे, एवढ्यासाठीच आपल्यातल्या माणसाचा उपयोग. तो शिपायाची नक्कल करू लागला की त्याचा उपयोग संपला. जातीने जुंपलेला राखणदार, दंडाच्या धाकाने नेमलेला कॉन्स्टेबल, बंदूक देऊन पुढे ढकललेला आदिवासी पोर, ह्या सर्वांच्या बाबतीत हीच चूक झाली. होमगार्ड आणि भिवंडीच्या समित्या जेथे यशस्वी झाल्या, तेथे ही ओळख कामी आली.

पालखीत ही गोष्ट केव्हापासून मुरलेली आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ह्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांना क्रम दिला, आणि समाज-आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड वर करतो तेव्हा टाळ-मृदंगांचा गजर करणारे सारे वारकरी एका क्षणात शांत होतात. तो दंड आजवर कोणाच्या पाठीवर पडलेला नाही, म्हणूनच तो वर झाला की लोक ऐकतात.

असो. दिवाळीच्या चार दिवसांत आपण सारे घरी असतो आणि चौकातला शिपाई मात्र चौकातच असतो. आमच्या घरून दरवर्षी फराळाचा एक डबा चौकीवर जातो. अण्णांच्या वेळेपासूनचा हा रिवाज. यंदा तो द्यायला गेलो तर ओळखीचे हवालदार हसून म्हणाले, ‘‘सर, पुढच्या वारीला येताय ना दोर धरायला?’’ मी म्हटले, ‘‘येतो. पण शिट्टी माझी मी आणीन.’’